भोपळ्याच्या डोक्यावरून गेलेले वादळ

मित्रांनो, सारे आयुष्य खोल समुद्रात एकाच जागी उभे राहून काढलेला, पोचे पडलेला एक जुना पिवळाधमक बोया तुमच्याशी बोलतो आहे. बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारे आणि तळाच्या नांगराला लांब दोराने बांधलेले यंत्र. मला पाय नाहीत, वल्ही नाहीत, शीडही नाही. तरी समुद्राची जितकी खबर मला असते तितकी मोठमोठ्या जहाजांनाही नसते. जहाजे येतात आणि जातात, मी मात्र तिथेच असतो. ही फुशारकी वाटली तर खुशाल वाटू द्या. गोष्ट संपेपर्यंत तुम्हीच म्हणाल, की या गड्याला थोडी फुशारकी शोभते.

माझा जन्म बंदरामागच्या एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एका वेल्डरने माझा लोखंडी सांगाडा जोडला, दुसऱ्याने त्याच्याभोवती फोमची जाड कातडी चढवली. गंज लागू नये म्हणून रंगाचे हातावर हात दिले गेले. मग डोक्यावर खांब बसला. खांबाच्या टोकाला वाऱ्याचा वेग मोजणारी इवल्या वाट्यांची चक्री, वाऱ्याची दिशा दाखवणारे पाते आणि उपग्रहाशी बोलणारी अँटेना. खांबाच्या चारही बाजूंना सोलर पॅनेल, पोटात बॅटरी आणि हवेचा दाब मोजणारे यंत्र. खाली पाण्यात सोडायच्या दोरावर ठिकठिकाणी तापमापक. वेल्डरने शेवटचा बोल्ट घट्ट केला, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "बाळंतपण जड गेलं, पण पोर धडधाकट आहे. आणि दागिने बघा किती घालून आलंय!"

माझी देखभाल हवामान कचेरीतल्या एका इंजिनिअर बाईंकडे होती. सगळे त्यांना ताई म्हणत. बोलायला तिखट आणि हाताने हलक्या. माझा एकेक स्क्रू त्या स्वतः तपासून बघत. कोणी घाई केली की म्हणत, "समुद्रात मेकॅनिक मिळत नाही रे बाबा. इथे जे राहील ते तिथे बुडेल."

माझ्या जन्मामागे एक दुःख होते, ते मी या ताईंच्याच तोंडून ऐकले. किनाऱ्यावर एक वाळूची पट्टी आहे. तिच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. त्या पट्टीवर मासेमारांची वस्ती आहे. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी एक वादळ आले होते. ते दुसरीकडे जाणार असे सगळ्यांना वाटत होते. भर समुद्रात ते वळले, पण ते पाहायला तिथे कोणीच नव्हते. वस्ती घरातच राहिली आणि पाणी घरात आले. त्या पाण्याने जी माणसे नेली ती परत मिळाली नाहीत. पुन्हा असे होऊ नये, वादळ वळले तर ते सांगणारे कोणीतरी तिथे असावे, म्हणून मला घडवले. एवढे मोठे काम अंगावर आहे हे कळल्यावर माझी छाती अभिमानाने फुगली. तशी ती फोममुळे आधीच फुगलेली होती म्हणा!

मग एका जहाजाने मला नेऊन समुद्रात सोडले. किनारा कधीच दिसेनासा झाला होता. नांगर तळाला टेकला, दोर ताणला, जहाज भोंगा वाजवून निघून गेले, आणि मी एकटा उरलो. खोटे कशाला बोलू, पहिल्या दिवसांत मला फार भीती वाटली. लाट उचलायची आणि खाली आपटायची. पण हळूहळू मी तिच्या तालावर डोलायला शिकलो. वारा किती, कुठून, दाब किती, पाणी किती गरम, असे सगळे मी मोजायचो आणि उपग्रहाच्या कानात सांगायचो. उपग्रह ते ताईंच्या टेबलावर पोचवायचा. माझे बोलणे कोणीतरी ऐकते आहे, या एका गोष्टीने माझा एकटेपणा पळाला.

लवकरच मला सोबतही मिळाली. माझ्या बुडाला शेवाळ धरले, शेवाळाला लहान मासे आले, लहान माशांमागे मोठे मासे आले आणि मोठ्या माशांमागे अर्थातच माणसे आली. पहिली बोट आली ती त्याच वाळूच्या पट्टीवरची. तिचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, रुंद खांद्यांचा आणि मोकळ्या हसण्याचा माणूस होता. मला पाहून तो ओरडला, "अरे, हा बघा समुद्रात भोपळा उगवलाय!" झाले. कारखान्यात मला एक लांबलचक नंबर दिलेला होता, तो तिथेच बुडाला. त्या दिवसापासून मी भोपळा. परीक्षेत भोपळा मिळाला की तुम्ही रडता ना? हा भोपळा मिळाला की तांडेलाची जाळी भरत आणि सगळी बोट हसत परत जाई.

आता वादळ कसे जन्मते ते सांगतो. पुस्तकात त्याचे चित्र असते, मी ते अंगाखाली अनुभवले आहे. उन्हाने समुद्र तापतो. नुसता वरवर नव्हे, चांगला खोलपर्यंत तापतो. कोमट पाण्याची वाफ होऊन वर जाते. चहाच्या पातेल्यावरचे झाकण उचलून पाहा, त्याला थेंब लागलेले असतात. तशीच ही वाफ वर थंड होते आणि तिचे ढग होतात. ढग होताना तिच्यातली उष्णता मोकळी होते, त्या उष्णतेने हवा आणखी वर चढते. हवा वर गेली की खाली दाब कमी होतो. मग आजूबाजूची हवा ती जागा भरायला धावते, धावताना तीही समुद्रावरची वाफ उचलून आणते आणि तिचेही ढग होतात. असे ते चक्र स्वतःच स्वतःला खाऊ घालत वाढते. पृथ्वी फिरत असल्यामुळे धावणारा वारा सरळ येत नाही, वळत वळत येतो, म्हणून सगळा ढगांचा डोंगर गरगर फिरू लागतो. त्याला कुठल्या समुद्रावर चक्रीवादळ म्हणतात, कुठे हरिकेन, कुठे टायफून. नावे वेगळी, पण भूक एकच, कोमट पाण्याची. जमिनीवर गेले की त्याला ते पाणी मिळत नाही आणि ते दमते. पण दमण्याआधी किनाऱ्याचे काय करायचे ते करून घेते.

अशी लहानमोठी वादळे मी पाहिली आणि त्यांची बातमी दिली. ताई खूश होत्या. पण मित्रांनो, शत्रूने नव्हे, तर प्रेमाने माझे तोंड बंद केले. ती गंमत ऐका.

हंगामाच्या सुरुवातीला मासेमार आपापल्या बोटी रंगवतात. तांडेलाची बोट निळी, त्यावर लाल पट्टा. त्या वर्षी त्याच्या मनात आले, या भोपळ्याने आपल्याला इतके मासे दिले, मग त्याला जुन्या रंगात का ठेवायचे? तो रंगाचे डबे घेऊन थेट माझ्याकडे आला. त्याने मला बोटीला बांधले, माझ्या अंगावर चढला आणि अगदी मन लावून मला रंगवले. पोटाला निळा रंग, खांबाला लाल. सोलर पॅनेल त्याला काळे आणि मळके वाटले, त्यांनाही त्याने निळ्या रंगाचे दोन हात दिले. वाट्यांची चक्री गरगर फिरून ब्रश उडवत होती, म्हणून तिला सुतळीने बांधून रंगवले आणि सुतळी सोडायची विसरला. लांब उभा राहून माझ्याकडे पाहत तो कौतुकाने म्हणाला, "आता कसा नवरदेव दिसतोस!"

नवरदेव दिसलो खरा, पण दातखीळ बसलेला नवरदेव. पॅनेलवर ऊन पडेना, बॅटरी उतरत गेली आणि काही दिवसांत माझा आवाज बंद झाला. नेमके त्याच वेळी दूरवर एक वादळ उठले. माझ्या जागेची खबर नाही, म्हणून कचेरीने धोका पत्करला नाही. वाळूच्या पट्टीवर इशारा गेला, वस्ती उठली आणि टेकडीवरच्या शाळेत जाऊन बसली. वादळ दुसरीकडेच विरले. इकडे लख्ख ऊन पडले. परत येऊन पाहतात तो वाळत घातलेल्या मासळीवर कुत्र्यांनी आणि कावळ्यांनी ताव मारलेला.

सगळ्यांत जास्त नुकसान झाले तांडेलाच्या आईचे. तिला सगळी वस्ती मोठी आई म्हणते. मासळी वाळवण्यात तिचा हात धरणारे कोणी नाही. जुन्या वादळात तिने आपला नवरा गमावला होता, आणि तरी तिने वस्ती सोडली नव्हती. त्या दिवशी ती रिकाम्या वाळवणासमोर उभी राहिली आणि सगळ्यांसमोर बोलून बसली, "खरं वादळ आलं तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि आता ऊन पडलं तरी पळवतात. बास झालं. यापुढे कुणीही सांगू दे, मी या घरातून उठणार नाही." मोठी आई उठणार नाही म्हटल्यावर बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

ताई जहाज घेऊन मला पाहायला आल्या. मला त्या थाटात पाहून त्या आधी चिडल्या, मग कपाळावर हात मारला, आणि शेवटी कठड्याला धरून पोट दुखेपर्यंत हसल्या. रंग कोणाचा हे शोधायला वेळ लागला नाही. बंदरात निळी-लाल बोट एकच होती. ताई तडक तांडेलाच्या घरी गेल्या. तिथे काय झाले ते पुढे तांडेलाने मला स्वतः सांगितले, माझ्याशी बोलायची त्याला सवयच लागली होती.

ताईंनी विचारले, "भोपळा तुम्ही रंगवलात?"

"हो! आवडला?" तांडेल हसून म्हणाला.

"आवडला. पण त्या काळ्या पट्ट्या म्हणजे त्याचं तोंड आहे, तांडेल. तो ऊन खाऊन जगतो. तुम्ही त्याच्या तोंडाला रंग लावलात, मग तो उपाशी मुका झाला. म्हणून कचेरीला वादळ कुठे आहे ते कळलं नाही आणि तुमची सगळी वस्ती शाळेत जाऊन बसली."

तांडेलाचे हसू मावळले. आतून मोठी आई बाहेर आली. तिने सगळे ऐकले होते. "म्हणजे तुझ्या रंगापायी मी त्या पोराटोरांच्या बाकावर पाय दुमडून बसले, आणि माझी मासळी कावळ्यांनी खाल्ली?" असे म्हणून तिने मुलाचा असा काही उद्धार केला, की शेजारच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. तांडेल एवढा दांडगा गडी, पण मान खाली घालून उभा होता.

दुसऱ्याच दिवशी तो ताईंबरोबर आला आणि त्याने स्वतःच्या हाताने माझा रंग खरवडून काढला. पॅनेल पुसताना तो पुटपुटत होता, "चुकलो रे बाबा. मला वाटलं, तुला नटवावं." मी काय बोलणार? पहिले ऊन पोटात गेले आणि माझी चक्री फिरली, हेच माझे उत्तर.

त्यानंतर तांडेल माझा राखणदार झाला. मला बोट बांधायची नाही, जाळे अडकवायचे नाही, पॅनेलवर पक्ष्यांची घाण दिसली तर पुसायची, हे त्याने सगळ्या बोटींना सांगितले. कोणी ऐकले नाही तर त्याचा आवाज असा चढे, की मासेसुद्धा लांब जात. ताईंनी त्याला मोबाइलवर माझे आकडे पाहायला शिकवले. घरी असला की तो रोज सकाळी आईला सांगू लागला, "भोपळ्याकडे वारा मंद आहे, आई. घाल वाळवण." किंवा, "भोपळ्याचा दाब उतरतोय, आज नको." पहिल्यांदा मोठी आई नाक मुरडत असे. पण भोपळ्याने नको म्हटले त्या दिवशी सर यायची, आणि घाल म्हटले त्या दिवशी मासळी कडकडीत वाळायची. हळूहळू साऱ्या वस्तीच्या बायका टोपल्या उचलण्याआधी हाक मारून विचारू लागल्या, "काय म्हणतोय गं भोपळा?" मी कोसन् कोस दूर होतो, आणि तरी रोज त्यांच्या अंगणात होतो. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस. पण मोठ्या आईचा निर्धार मात्र तसाच होता. मासळीचे ठीक, पण घर सोडायचे नाही.

आणि मग ते आले.

तो उन्हाळा विलक्षण कडक होता. माझ्या दोरावरच्या अगदी खालच्या तापमापकालाही पाणी कोमट लागत होते. क्षितिजाकडून लांब लांब, संथ लाटा येऊ लागल्या. वारा नसताना अशा लाटा आल्या की समजावे, दूर कुठेतरी कोणीतरी मोठे समुद्र ढवळते आहे. पक्षी दिसेनासे झाले. ताईंनी बोटी परत बोलावल्या. तांडेल जाताना माझ्याजवळून बोट नेत म्हणाला, "नीट राहा रे. आणि काही कळलं तर सांग."

उपग्रहाला वरून ढगांची मोठी चकती दिसत होती. अंदाज असा होता, की ती खडकाळ, निर्मनुष्य किनाऱ्याकडे जाईल. पण वरून दिसणे वेगळे आणि खाली असणे वेगळे. वादळ बाजूने जाणार असेल, तर वाऱ्याची दिशा हळूहळू बदलत जाते. माझ्याकडे ती बदलेना. वारा एकाच दिशेने येत होता, त्याचा जोर वाढत होता आणि दाब उतरत होता. याचा अर्थ एकच. ते बाजूने जाणार नव्हते. ते वळले होते आणि सरळ माझ्यावर येत होते. माझ्यामागे, त्याच रेषेत, वाळूची पट्टी होती.

मी भ्यालो का? भ्यालो. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की मला आनंद झाला! ज्या क्षणासाठी मला घडवले तो क्षण आला होता आणि मी जागेवर होतो. मी मोजत राहिलो आणि सांगत राहिलो. लाटा माझ्या खांबावरून जाऊ लागल्या. मी बुडायचो, वर यायचो, आणि वर आलो की आधी बोलायचो, मग श्वास घ्यायचो. पावसाचे थेंब गोट्यांसारखे लागत होते. हवा कुठली आणि पाणी कुठले हे कळेनासे झाले.

आणि पहाटे उजाडता उजाडता एकाएकी सगळे थांबले. वारा पडला. वर निळे आकाश, कोवळे ऊन, आणि चारही बाजूंना आभाळाला भिडलेली ढगांची पांढरी भिंत. मी वादळाच्या डोळ्यात, म्हणजे त्याच्या मधोमधच्या शांत जागेत होतो. असे सुंदर दृश्य मी कधी पाहिले नव्हते. माझ्या यंत्राने दाबाचा जो आकडा दाखवला तितका खालचा आकडा त्याने कधी दाखवला नव्हता. मी तो सांगितला. वादळाचा डोळा नेमका कुठे आहे, हे जगात त्या क्षणी मला एकट्याला कळत होते. मला!

पण डोळ्यातली शांतता फसवी असते. पलीकडची भिंत आली, ती उलट दिशेच्या वाऱ्याने. डोळा कधी आला आणि कधी गेला यावरून वादळ किती वेगाने चालले आहे ते ताईंना कळणार होते, म्हणून तो आकडा पोचेपर्यंत मला टिकायचे होते. मी टिकलो. आकडा गेला. त्यानंतर एक लाट आली, तिने माझा खांब कडकन मोडला. दुसऱ्या लाटेने दोर तोडला. मग मला काही आठवत नाही.

पुढचे मी नंतर ऐकले, आणि इतक्या जणांकडून ऐकले की आता तोंडपाठ झाले आहे.

कचेरीत ताई माझ्या आकड्यांसमोर बसल्या होत्या. त्यांनी वेगाचा हिशोब केला आणि त्यांचा चेहरा उतरला. वादळ वाळूच्या पट्टीवर पोचणार होते ते ऐन भरतीच्या वेळी. अशा वेळी काय होते ते ऐका. वारा समुद्राला किनाऱ्याकडे ढकलत आणतो. खोल पाण्यात ते पाणी खालून मागे फिरते, पण उथळ किनाऱ्यावर त्याला फिरायला जागा नसते, म्हणून ते चढत जाते. त्यात भरती मिळाली की समुद्र पायरी चढल्यासारखा जमिनीवर येतो. माणसे वाऱ्याला घाबरतात, पण किनाऱ्यावर बहुतेक जीव घेते ते हे पाणी.

कचेरीच्या साहेबांनी लगेच इशारा दिला. पण ते म्हणाले, "इशारा दिला हो. ती वस्ती उठणार का?" ताईंनी फोन उचलला आणि तांडेलाला सांगितले, "वादळाचा डोळा थेट आपल्या भोपळ्याच्या डोक्यावरून गेला. आता तो तुमच्याकडे येतोय, भरतीबरोबर. भोपळ्याने सगळं सांगितलं आणि मग तो गप्प झाला. बहुधा गेला तो, तांडेल."

तांडेल धावत घरी आला. बाहेर नुसती रिपरिप होती. मोठी आई चुलीशी बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "कचेरीची माणसं येऊन गेली. मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मी उठणार नाही."

"आई, कचेरी नाही सांगत. भोपळा सांगतोय. वादळ त्याच्या अंगावरून गेलं."

मोठ्या आईचा हात थांबला. "अंगावरून?"

"हो. शेवटपर्यंत सांगत होता. आता त्याचा आवाज येत नाही."

मग तिने चूल विझवली आणि उठली. म्हणाली, "छपराखाली बसून सांगणारे खूप पाहिले. हा पाण्यात उभा राहून सांगतो आहे. याचं नाही ऐकायचं, तर मग कुणाचं ऐकायचं?"

नुसती उठली नाही, मित्रांनो! तिने फडताळातले मोठे पातेले काढले, हातात डाव घेतला आणि पातेले बडवत वस्तीतून निघाली. "चला, उठा! भोपळा म्हणतो, उठा! कोंबड्या मोकळ्या सोडा, दारं उघडी राहू द्या, अंगावरच्या कपड्यांनी निघा!" एक म्हातारा म्हणाला, जाळे गुंडाळतो आणि येतो. तिने त्याच्यासमोर उभे राहून विचारले, "जाळ्याने तुला विणलंय की तू जाळ्याला?" तो निमूट निघाला. जी सगळ्यांना धरून बसली होती, तीच आता सगळ्यांना घेऊन निघाली. तांडेलाच्या पाठीवर आजारी शेजारी, बायकांच्या कडेवर मुले, आणि सर्वांच्या मागे मोठी आई, एकही दार न चुकवता. अंधार पडायच्या आत सगळी वस्ती टेकडीवरच्या शाळेत होती. ती स्वतः त्याच बाकावर पाय दुमडून बसली, आणि या वेळी तिची तक्रार नव्हती.

मग समुद्र आला. पट्टीवर समुद्राचे आणि खाडीचे पाणी एकमेकांना भेटले. घरे गेली, वाळवणाचे ओटे गेले, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटींतल्या काही शाळेच्या पायथ्याशी येऊन पडल्या. सकाळी पाणी ओसरले तेव्हा पट्टीवर नुसती वाळू होती. मोठ्या आईने वर्गावर्गातून फिरून एकेकाला नावाने हाक मारली. प्रत्येक हाकेला ओ आली.

माझे काय झाले? दोर तुटल्यावर मी प्रवाहाबरोबर वाहत होतो, मोडका आणि मुका. कचेरीने मला बेपत्ता ठरवले. तांडेलाने मात्र मला सोडले नाही. बोट दुरुस्त झाली तशी ती घेऊन तो बाहेर पडला. प्रवाह कुठे नेतो ते त्याला ठाऊक होते, आणि मोकळ्या समुद्रात पक्षी एका जागी घिरट्या घालताना दिसले, की खाली मासे असणार आणि माशांच्या वर काहीतरी तरंगत असणार, हेही ठाऊक होते. तो पोचला, माझ्या पोच्यांवरून त्याने हात फिरवला आणि एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा रडला. "भोपळा फुटला नाही," तो म्हणाला, "भोपळा फुटला नाही!"

बंदरात शिरताना मी जे पाहिले ते सांगताना आजही माझे ऊर भरून येते. धक्क्यावर सगळी वस्ती उभी होती. म्हातारे, बाया, तान्ही मुले. ज्यांच्यासाठी मला घडवले ती सगळी माणसे मी आयुष्यात पहिल्यांदाच एकत्र पाहत होतो, आणि त्यांतले एकही कमी नव्हते. बोटींचे भोंगे वाजत होते. ताई टाळ्या वाजवत होत्या आणि डोळे पुसत होत्या, दोन्ही कामे एकदम जमत नव्हती. तो दिवस माझा होता, मित्रांनो. राजाची मिरवणूक कशी असते ते मला ठाऊक नाही, पण तो माझा हेवा करील.

कोणीतरी सुचवले, की आता याला कचेरीच्या बागेत ओटा बांधून मानाने बसवावे. ते ऐकून मोठी आई पुढे झाली. "बागेत? तो काय शोभेचा आहे? ज्याच्या भरवशावर आम्ही झोपतो त्याला पहाऱ्यावरून कशाला उठवता? नीट करा आणि परत पाठवा." ताईंनी हसून मान डोलावली. माझ्या मनातलेच ती बोलली होती.

म्हणून मला नवा खांब मिळाला, नवा दोर मिळाला. वस्तीची नवी घरे आता टेकडीच्या बाजूला, उंच जोत्यावर उभी राहत आहेत. आणि माझ्यासारखे कितीतरी बोये जगातल्या समुद्रांवर एकटे उभे आहेत. कोणी त्यांना बोटी बांधतो, कोणी त्यांचे पॅनेल काढून नेतो, कोणी गंमत म्हणून दगड मारतो. मुलांनो, एक बोया मुका झाला की एक किनारा बहिरा होतो. त्यांना जपा. आणि इशारा आला की घर, जाळी, सामान यांच्याकडे वळून पाहू नका. सांगणे हे आमचे काम आहे, ते आम्ही जीव टाकून करू. पण उठायचे काम आमचे नाही. ते तुमचे आहे.

मला परत सोडायला ज्या दिवशी जहाज निघाले त्या दिवशी पट्टीवरच्या सगळ्या बोटी बरोबर आल्या. आयुष्यभर किनाऱ्यावर राहिलेली मोठी आई प्रथमच इतक्या खोल समुद्रात आली होती. नांगर तळाला टेकला, दोर ताणला, माझी चक्री फिरू लागली. तिने बोटीतून वाकून माझ्या ओल्या अंगाला हात लावला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "तू खरं ते सांगत जा रे. आम्ही उठू."